पांढरीची माती

नांदेड,
१० एप्रिल २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. खानावळीतल्या वरणात हल्ली डाळही सापडते, तेव्हा काळजी नसावी. तुमचा गुडघा काय म्हणतो? आईला सांगा, तिनं दिलेलं आमटीचं येसर संपलं. फोन केला की तुम्ही "आईला देतो" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. हे आईकडे सरकवता येणार नाही. पाकिटावर तुमचं नाव घातलंय.

आईकडूनच कळलं की जयंती झाली की तुम्ही जेसीबी बोलावला आहे. आपल्या पट्टीतलं पांढरीचं टेकाड सपाट करून तिथं ऊस लावणार म्हणे. बाबा, ऊस? आपल्या विहिरीत मे महिन्यात बेडूकसुद्धा राहत नाही. कारण द्यायचंच होतं तर जरा पटेल असं तरी द्यायचं.

त्यात माझं काय जाणार, हे तुम्हाला माहीत आहे. एम. ए.चा माझा प्रबंध त्याच टेकाडावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं एक गाव नांदत होतं. आपल्या जुन्या गावानं घरांची सपाट माळवदी छपरं लिंपायला तिथूनच पांढरी माती नेली, पिढ्यान्‌पिढ्या नेली, आणि उरलेला तुकडा तेवढा आपल्या पट्टीत राहिला. तिथं उत्खननाची परवानगी मिळावी म्हणून आमच्या सरांनी अर्ज केलाय. तुम्ही तो सपाट केलात की माझ्या हाती पिशवीभर खापरं उरतील.

मी इतिहास घेतला तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "निजाम गेला, इंग्रज गेले, राजे मातीत गेले. आन तू आता काय उकरायलीस?" मी तोऱ्यात उत्तर दिलं होतं. म्हटलं, पुस्तकात हडप्पा आहे, इंग्रजांचे गव्हर्नर आहेत, हैदराबाद संस्थान भारतात कसं आलं तेही आहे. पण आपल्यासारखी माणसं कसल्या घरांत राहत होती, हे कुठंच नाही. ते मला लिहायचंय. घरांचं नाव काढल्याबरोबर तुम्ही उठून बाहेर गेलात. मला वाटलं, पोरीचं शिक्षण तुम्हाला खुपतंय. बरेच दिवस मी रुसले होते.

डिसेंबरात आम्ही टेकाडाची उभी कड साफ करून थर मोजले, तेव्हाही तुम्ही फिरकला नाहीत. राख, चोपलेली जमीन, विटा, असे एकावर एक थर. आणि ते सगळे कापत खाली उतरलेला एक खड्डा. कडांवर टिकावाचे घाव अजून दिसत होते. सर म्हणाले, "हे अलीकडचं. नकाशात 'बिघडलेला भाग' लिही आणि पुढं चल."

तेवढ्यात आपल्याकडे राहायला आलेली चाकूरची सिंधुआत्या आमचा डबा घेऊन आली. खड्डा बघितला आणि ती खालीच बसली.

"ह्यो तुझ्या बापानं खणलाय," ती म्हणाली. "माळवद गळत व्हतं. लेकराच्या अंगावर पानी पडतंय म्हनून हितनं माती नेऊन टाकली. लई टाकली. त्याच वर्षी भूकंप झाला."

भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी अश्वजितचा फोटो आहे. माझा भाऊ माझ्या जन्माआधी भूकंपात गेला, एवढंच मला माहीत होतं. कशाखाली गेला, हे आपल्या घरात कुणी कधी बोललं नाही.

बाबा, हे पत्र मी तुमची समजूत काढायला घेतलं होतं. आपल्या भागातल्या प्रत्येक माळवदावर तीच माती होती, दर उन्हाळ्यात सगळेच नवा थर देत होते, तुमचे वडीलही देत होते, असं सगळं लिहिलं आणि फाडून टाकलं. परीक्षेत त्याला चांगले मार्क मिळतील. ज्यानं स्वतःच्या डोक्यावरून त्या मातीच्या टोपल्या वाहिल्या, त्याला त्याचा काय उपयोग?

आणि खरं सांगू? तुमचा रागही येतो. इतकी वर्षं तुम्ही एकट्यानं हे गिळून बसलात. आईनं तिचं दुःख कुणाला सांगायचं होतं? मला तर भाऊही मिळाला नाही आणि त्याची गोष्टही नाही.

आणखी एक ठरवलंय, ते अजून सरांनाही सांगितलेलं नाही. त्या कडेत खालच्या थरात एक जुनं छप्पर कोसळलेलं दिसतं. जमिनीवर तशीच पांढरी माती, जाडच्या जाड. सर खूश झाले. मीही टाळ्या वाजवल्या, आत्या यायच्या आधी. आता त्या मातीखाली काय असेल, ते मला बघायचं नाही. म्हणून उत्खननाचा अर्ज मागे घ्या, असं मी उद्या सरांना सांगणार आहे. प्रबंध गेला तर गेला.

पण जेसीबी आणू नका.

जुनं गाव राहिलं नाही. आपली गल्ली नाही, आपलं घर नाही, ढिगारेही उचलून नेले. आपण राहतो त्या नव्या गावात अश्वजित कधी खेळला नाही. त्याच्यासाठी तुम्ही केलेली एकच गोष्ट जमिनीवर अजून दिसते, ती म्हणजे हा खड्डा. तुम्हाला त्यात त्याचं मरण दिसतं. बाबा, तो खणताना तुमच्या मनात मरण नव्हतं. झोपलेल्या पोराच्या अंगावर पाणी पडू नये, एवढंच होतं.

नकाशात 'बिघडलेला भाग' मी लिहिलेलं नाही. तिथं लिहिलंय: 'खड्डा, उन्हाळा १९९३. व्यंकटी यांनी मुलासाठी खणला.' सरांनी खोडलं तर पुन्हा लिहीन.

सोमवारी जयंतीला येते. काही बोलायला नको. नुसते टेकाडापर्यंत माझ्यासोबत चला.

अश्वजितची धाकटी बहीण,
लुंबिनी