वर अडकलेल्या मुलीसाठी अक्षता

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी
चातुर्मास लागला. संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये भजनी मंडळ बसलं. चार महिने काय सोडणार ते प्रत्येकीने सांगायचं. कुणी वांगी, कुणी कांदा-लसूण. नमिताने दुपारचा दुसरा चहा सोडला, तिसरा चालू. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, टीव्ही.

मंडळाच्या प्रमुख अनुपमाताई, रिटायर्ड मुख्याध्यापिका, त्यांनी टाळी वाजवली. म्हणाल्या, सुलक्षणाचा आदर्श घ्या, वांगी काय कोणीही सोडतं. मग लाजेकाजेस्तव बाकीच्यांनाही टीव्ही सोडावा लागला. सगळ्याजणी माझ्याकडे आदराने बघत होत्या. थोडा राग पण असेल.

डिशचं रिचार्ज बंद केलं. पुण्य आणि बचत एकदम. ह्यांनी विचारलं, आणि मॅच? म्हटलं, देवाला मॅच नसते. हे शेजारी गेले.

१० जुलै, गुरुवार
टीव्हीची आठवणसुद्धा नाही. मन शांत.

दुपारी निधी मोबाइलवर कार्टून बघत होती. मुलगी अकरावीत, आईने लक्ष ठेवलंच पाहिजे, म्हणून शेजारी बसले. म्हणाली, आई, कार्टून नाही गं, अ‍ॅनिमे. जपानी आहे, पण हिंदीत बोलतात. आकाशाला भेग पडलीय आणि तिच्यातून दुसऱ्या मितीतले प्राणी येतात. मिती म्हणजे काय विचारलं, तर म्हणाली, बाजूची विंग समज. बी विंगवाले भिंत फोडून आपल्या घरात घुसले तर? म्हटलं, घुसतातच, वर्गणीला. त्या प्राण्यांशी चार मुली लढतात, डोंगराएवढ्या यंत्रात बसून. कपडे घट्ट आहेत, पण अंगभर आहेत.

एकच भाग पाहिला, तपासणीसाठी. ठीक वाटलं. आणि मोबाइल म्हणजे टीव्ही नव्हे.

१८ जुलै, शुक्रवार
तपासणी अर्धवट ठेवणं बरं नाही, म्हणून मागचाही भाग पाहिला. नवा दर गुरुवारी येतो. गुरुवारी माझा उपास, दुपारी हाताला काम कमी. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवायचा, कानात निधीचे इअरफोन.

त्यातली सायुरी सगळ्यात थोरली. आई आजारी, सदा खिडकीशी बसलेली. सायुरी पगार घरी पाठवते, मोज्यांना स्वतः टाके घालते आणि एक गोळी वाया घालवत नाही. बाकीच्या तिघी नुसत्या सुटतात धडाधड. दर भागात अख्ख्या शहराच्या काचा फुटतात, कोण भरतं देव जाणे.

विचार केला. असुर आहेत आणि त्यांना मारणारी बाई आहे. म्हणजे हे देवीचं आख्यानच झालं. नियमात बसतं. अनुपमाताईंना मुद्दाम सांगण्यासारखं त्यात काही नाही.

२५ जुलै, शुक्रवार
नमिता हॉलमध्ये रडवेली. तिच्या मालिकेत मुलीचं लग्न लागलं आणि हिला बघता आलं नाही. मी तिला मोहाबद्दल अर्धा तास समजावलं. छान बोलले. सगळ्या ऐकत होत्या. मग लगबगीने घरी आले, कालचा भाग पुन्हा बघायचा होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार
फार वाईट झालं. काल त्या प्राण्यांनी सायुरीला भेगेच्या आत ओढलं. भेग मिटली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आज हॉलमध्ये जिवतीची पूजा. समोरच्या मुलांना ओवाळायचं आणि ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी त्या दिशेला अक्षता टाकायच्या. कुणी अमेरिकेकडे टाकल्या, कुणी पुण्याकडे. निधीला ओवाळून झालं आणि माझा हात आपोआप वर गेला. अक्षता पंख्यावर आपटून अनुपमाताईंच्या अंबाड्यात. त्यांनी विचारलं, वर कोण आहे गं तुझं?

मला रडूच कोसळलं. टीव्ही सोडलेल्या बाईने कारण काय सांगायचं? म्हटलं, ओळखीतली एक मुलगी आहे. पायलट आहे. लढता लढता शत्रूच्या हद्दीत अडकली.

यातला एक शब्द खोटा नाही. नाव विचारलं तेव्हा सायली म्हटलं, तो एक थोडा.

निधीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी अक्षता वेचायला वाकले ती आरती संपेपर्यंत वर आलेच नाही. अनुपमाताईंनी सगळ्यांना सायलीसाठी रोज जप लावून दिला. उद्या खरं सांगून टाकीन.

१२ ऑगस्ट, मंगळवार
अजून सांगितलं नाही. आज अंगारकी. अशा दिवशी नको.

पार्वती आली. वर्सोव्याची कोळीण, निधीच्या जन्माआधीपासून दारात मासे घेऊन येते. श्रावणात आम्ही घेत नाही, तरी पाणी प्यायला जिन्यात टेकते. नारळी पौर्णिमा झाली, तिचा मुलगा अल्पेश बोट घेऊन दर्यावर गेलाय. तिला खालीच सगळं कळलं होतं. म्हणाली, "सुलू, कोनाची गो ती पोर? आय जिती हाय तिची?" म्हटलं, हो, आजारी असते. (खरंच असते.) तिने टोपली बाजूला सारली, डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्याने एकवीरा आईला बोलली, "आई माऊली, पोर घरा येत नाय तवर मी म्हावरा तोंडान घालनार नाय."

म्हटलं, अगं पार्वती, मासे नको सोडूस, वांगी सोड. म्हणाली, "वांगी खातंय कोन?"

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन. सेक्रेटरी धोंडिराम सावंतांनी भाषणात 'आपल्या सोसायटीच्या ओळखीतली वीरकन्या' घेतली आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. मी म्हटलं, अहो, मेलेली नाही ती. म्हणाले, मग एकच मिनिट. नंतर हॉलमध्ये लावायला फोटो मागितला. म्हटलं, लष्कराचं गुपित असतं. त्यांनी सलाम ठोकला. मला.

घरी निधी म्हणाली, आई, तुझी वाट लागलीय.

काही लागलेली नाही. योजना तयार आहे. सायुरी सुटणारच, मुख्य मुलगी आहे. ती सुटली की मंडळात सांगायचं, सुटली. म्हणजे सगळं आपोआप खरं होतं. तेवढ्यासाठी मात्र बघत राहणं भाग आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
दीड दिवसाचे गणपती गेले. आज पहिली मासळी. पार्वतीने सुरमई साफ करून दिली. गालाची हाडं वर आलीत तिची. म्हणाली, "तुमची डाळ खाऊन पोटान वारा भरलाय." बाजारातल्या बाकीच्या कोळणी तिला चिडवतात म्हणे, पार्वती भटीण झाली. दिवसभर हात मासळीत आणि घरी वरणभात. मी म्हटलं, पार्वती, देवी समजून घेईल. ती म्हणाली, "पोर तिथं काय खात असंल गो?"

सुरमई तळली. घास घशाखाली उतरेना. दुसरा उतरला.

१८ सप्टेंबर, गुरुवार
शेवटचा भाग. भेग जराशी उघडली. आतून सायुरीचा हात दिसला. बोटं हलली. आणि पडद्यावर अक्षरं आली. निधीने वाचली, दुसरा सीझन लवकरच. लवकरच म्हणजे कधी? म्हणाली, पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या.

ह्याला काय अर्थ आहे! आपण गणपती अर्धा आणून बाकीचा पुढच्या वर्षी आणतो का?

पितृपक्षात शुभ बातमी देऊ नये. सोमवारी घटस्थापना. ती झाली की सांगायचं, सुटली, थेट दिल्लीला नेली. आरशासमोर पाठ केलं. झकास जमतंय.

२३ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी दार उघडून एका दमात सांगितलं, पार्वती, सुटली गं.

पार्वती पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. हुंदके जिनाभर. मग तोंड पुसून म्हणाली, "आता तिला आन. ओटी भरते. तिच्या हातचाच पयला घास खाईन." म्हटलं, दिल्लीला आहे ती. "मंग मी जाते दिल्लीला. पत्ता दे." ती खरोखर गेली असती. अल्पेशला घेऊन, पापलेटं बर्फात घालून.

पुढचं खोटं मला सुचलंच नाही. सांगितलं सगळं. टीव्ही, मोबाइल, पिठाचा डबा, जपान.

टोपली आपटेल, शिव्या घालेल, अशी तयारी केली. ती म्हणाली, दाखव. तिथेच पायरीवर शेवटचा भाग लावला. डोळे बारीक करून पुरा पाहिला. "चितारलेली हाय?" हो. "खिडकीन बसलीय ती आय?" हो. "तिला ठाव हाय, पोर कुठं हाय ती?" म्हटलं, नाही, तिला कोणी सांगितलेलंच नाही.

तिने मोबाइल पदराने पुसून परत दिला. मी म्हटलं, तेव्हा नवस सुटला बाई, आज पोटभर खा. तर म्हणाली, "नवस काय तुला बोलले मी? आईला बोलले, पोर घरा येत नाय तवर. आली का पोर घरा?"

नाही.

"मंग?"

टोपली मी उचलून द्यायला गेले. तिने स्वतःच उचलली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पार्वतीला हळू बोलता येत नाही. जिन्यात नमिताला म्हणाली, "चितारलेली पोर हाय गो, पन अडकलीय खरी." बी विंगपर्यंत ऐकू गेलं. नमिता दारात येऊन म्हणाली, माझ्या मुलीचं लग्न बुडवलंस ना गं तू. मला समजावत होतीस, मोह सोड! सावंतांनी लिफ्टचं दार माझ्यासाठी धरलं नाही. अनुपमाताईंचा फोन नाही, फक्त ग्रुपवर मेसेज: ज्यांना नियम झेपत नाही त्यांनी वांगी सोडावीत. खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

संध्याकाळी मंडळात गेले. ऊठ असं कोणी म्हटलं नाही. सरकून जागाही कोणी दिली नाही. मोबाइल म्हणजे टीव्ही नव्हे, हे सांगायचं ठरवून गेले होते. तोंड उघडलं ते टाळ वाजायला लागल्यावर, भजनापुरतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
नवा निश्चय. पार्वतीबरोबर मीही मासे सोडले. पोर येईपर्यंत. देवासमोर दिवा लावून बोलले. मनावरचा दगड उतरला.

१२ ऑक्टोबर, रविवार
ह्यांनी न विचारता कोलंबी आणली. अन्न वाया घालवणं हे पापच आहे. उद्यापासून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पार्वती आली. टोपली उतरवून रोजच्यासारखं म्हणाली, बघ, काय बातमी. मोबाइल पाहिला. तारीख नाही. "बरा," म्हणाली आणि पाणी प्यायली.

मग विचारलं, काल दिलेले बांगडे कसे झाले? मी म्हटलं, झाले बरे. "बरे म्हंजे? नीट सांग ना." ती पायरीवर पाय लांब करून बसली, पदर गळ्याशी घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तिखला केलास का तळलास? काटा सुटत होता का?"

सांगितलं. खाली बघून सगळं सांगितलं. तिरफळं किती ठेचली, कोकमं किती टाकली, तेसुद्धा.