खोकल्यानंतरची शिट्टी

ता. १२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघे काय म्हणतात? शिवणयंत्रावर बसू देतात ना? मी बरी आहे. अंगाला पिंजऱ्यांचा वास बसलाय, तो काही केल्या जात नाही.

एक मागायचंय, रागावू नकोस. खाणीने डोंगराच्या सगळ्या उतारांचा फडशा पाडला, आता एकच उरलाय. वनखात्याचे साहेब स्पष्टच म्हणाले, पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर तिथे डोंगरी उंदीर जिवंत दिसले तर उतार वाचेल, नाहीतर तोही खाणीला जाईल. रानातला शेवटचा उंदीर गेल्या वर्षीच दिसेनासा झाला. माझ्याकडे आहेत ती पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं, सशाएवढी, गुबगुबीत आणि ठार अडाणी. वर गरुड आला तर माना वर करून बघत बसतात! रानातले उंदीर शिट्टी घालून एकमेकांना सावध करायचे. ती शिट्टी आता फक्त बाबांच्या कॅसेटमध्ये उरलीय, आणि कॅसेट तुझ्याकडे आहे. पाठवशील?

माया पातळ करू नकोस.
तुझी भाची

ता. २५ एप्रिल

चि. उंदीरमावशीस,
अ. आ.

गुडघ्यांची चौकशी करून कॅसेट मागतेस होय गं? अगदी बापाच्या वळणावर गेलीस. त्यालाही काही हवं असलं की आधी माझी तब्येत आठवायची.

खरं सांगते, द्यायची नाही असंच ठरवलं होतं. त्यात प्रत्येक शिट्टीच्या आधी दादा खोकतो. छाती भरलेली, तरी दिवसदिवस दगडाआड पालथा पडायचा. गरुड दिसला की यंत्र चालू करायचा आणि नेमका तेव्हाच खोकायचा. तो गेल्यापासून त्याचा तेवढाच आवाज माझ्याजवळ आहे. दुपारी शिवताना लावते. परवा खोकला ऐकून उठले आणि पाण्याचा पेला भरला. शेजारीण म्हणते, तुला वेड लागलंय. लागलं असेल.

पाठवतेय. पण त्याचा आवाज पुसलास तर याद राख. जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आत्या

ता. २८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. कॅसेट गेली. इथल्या जुन्या यंत्राने फीत चावली, तिचे तुकडेतुकडे झाले. मदतनीस आधीपासून म्हणत होता, खोकला काढून नुसत्या शिट्टीची प्रत करू. मीच करू दिली नाही. नाव तुझं पुढे केलं, पण मलाही बाबा ऐकायचे होते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तारेवरून पुठ्ठ्याचा गरुड सोडायचा आणि कॅसेट लावायची, असं उन्हाळाभर चाललं होतं. पिल्लं सुसाट बिळात पळायला लागली तेव्हा मी अक्षरशः नाचले. मग लक्षात आलं, ती शिट्टीला पळतच नाहीत. बाबा खोकले की पळतात! नुसती शिट्टी ऐकवली तर गवत चघळत बसतात. मी खोकून पाहिलं, मदतनीस खोकला, ढिम्म हलली नाहीत. त्यांना बाबाच लागतात.

बर्फ पडायच्या आत सोडायलाच हवीत. त्या उतारावर कोण खोकणार आहे, आत्या? माझ्या हौसेपायी सगळी मरतील.

रागव, पण पत्र टाक.
तुझी भाची

ता. ९ सप्टेंबर

चि. उंदीरमावशीस,
अ. आ.

तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला होता. पण अबोला धरून करू काय? आधीच घर इतकं गप्प झालंय की सुई कापडातून जाताना ऐकू येते. दुपार झाली की हात आपोआप टेपच्या बटणाकडे जातो.

रडायचं तेवढं रडून घेतलं, आता कामाचं बोलते. सोड त्यांना. पिंजऱ्यात म्हातारी करून लोणचं घालणार आहेस का? दादालाही मी थंडीत वर जाऊ नकोस म्हणून बजावलं होतं, त्याने ऐकलं थोडंच! जी जगतील ती जगतील. तू मात्र कानटोपी घालत जा.

माझा राग धरून बसू नकोस.
तुझी आत्या

ता. १९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जगली! सगळी नाही, पण जगली. आणि तिथे त्यांना पिल्लंही झाली.

काल साहेब पाहणीला आले होते. आम्ही दगडाआड बसलो होतो. एक मादी उंचावर पहारा देत होती. गरुड आला, आणि आत्या, ती आधी खोकली. घोगरं, छातीतून, अगदी बाबांसारखं. मग शिट्टी घातली. कॅसेटमधलं जसंच्या तसं उचललंय त्यांनी! ज्यांनी कॅसेट कधी ऐकलीच नाही ती पिल्लंसुद्धा त्या खोकल्यालाच पळाली. गरुडाची सावली पोचेपर्यंत उतार रिकामा होता. साहेबांनी मागे वळून पाहिलं, कोण खोकलं म्हणून.

उतार वाचला. आता गरुड आला की तिथे बाबा खोकतात. मी हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही. तू ये ना एकदा, ऐकायला.

वाट बघते.
तुझी भाची

ता. २ जुलै

चि. उंदीरमावशीस,
अ. आ.

शाब्बास गं माझी पोर! पत्र शेजारणीला वाचून दाखवलं. आता तिला वाटतं, आपल्या घराण्यातच वेड आहे.

यायला पिशवी भरली होती. भरता भरता हात थांबला. गरुड आल्याशिवाय ती खोकत नाहीत ना? म्हणजे दादाला ऐकायचं तर मी आभाळाकडे डोळे लावून गरुडाची वाट बघायची. ज्या पिल्लांसाठी त्याने छातीची राख केली, त्यांच्या काळाची. मी तसली नाही, असं छातीठोक लिहिणार होते, पण खोटं लिहवेना.

पिशवी रिकामी केलीय. मला बोलावू नकोस. आले तर मी गरुडाची वाट बघेन गं.

तुझी आत्या