खोबरमधलं माझं धाडस

प्रिय मार्वा,

तू गेल्याचं तुझ्या लेकीने, नेओमीने, कळवलं. रात्री तिच्याशी फोनवर पोटभर गप्पा मारून झोपलीस आणि सकाळी उठलीच नाहीस, असं तिने लिहिलंय. मी रडले, पण खरं सांगू? त्याआधी मला हायसं वाटलं. तू म्हातारी होऊन, स्वतःच्या अंथरुणात, हृदय थकून गेलीस. त्या जुन्या आजाराने तुला नेलं नाही. हे मी फक्त तुलाच लिहू शकते, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील.

आपण इंग्रजीत बोलायचो, पण आज मराठीत लिहितेय. आता तुला सगळ्या भाषा कळत असतील. नसतील तर अंदाजाने वाच, मेसमधली आमची भांडणं समजून घ्यायचीस तशी.

मात्र आजच लिहायला बसले ते अमितमुळे. माझा मुलगा. पुण्याहून रजा काढून इथे रत्नागिरीला आलाय आणि आतल्या खोलीत दार लोटून पडलाय. जेवण नाही, आंघोळ नाही, फोन बंद. काल मी जवळ जाऊन विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आई, डोक्यावर मिसाइलं येत होती तरी तू हलली नाहीस. आणि मला साधं ऑफिसला जाववत नाही. कसला तुझा मुलगा मी?"

यावर काय बोलायचं असतं, मार्वा?

ती गोष्ट आमच्या घराण्यात किती वेळा सांगून झालीय, तुला कल्पना नाही. ह्यांना तर कुणी पाहुणा दिसायचा अवकाश. आखाती युद्ध, सौदीतल्या अल खोबरचं हॉस्पिटल, नर्सेसचं हॉस्टेल. सायरन झाला की सगळ्या मुली गॅस मास्क कवटाळून तळमजल्याकडे पळायच्या आणि आमची कुंदा खाटेवर शांतपणे पडलेली! शेवटी हे गेले, त्या दिवशीही स्मशानातून परतलेल्या लोकांनी मला हीच गोष्ट ऐकवली. वहिनी, तुम्ही खंबीर आहात, तुम्ही तर युद्ध बघितलंय.

त्या अख्ख्या हॉस्टेलमध्ये फक्त तुला कळलं होतं की ते धाडस नव्हतं.

युद्धाने माझं फावलं होतं, दुसरं काय. मला बरं नव्हतं ते सद्दामने कुवेतमध्ये पाऊल टाकायच्या आधीपासून. अमित इकडे सासूबाईंपाशी, एवढासा, फोनवर मला 'बाई' म्हणायला लागला होता. पण नुसतं तेवढंच कारण होतं असंही नाही. आतून सगळं विझत चाललं होतं. मग युद्ध आलं आणि कुणालाच झोप येईना, कुणालाच घास जाईना. त्यात माझं कोण बघणार? ड्यूटी मी चोख करायचे. सलाइन, इंजेक्शन, चार्ट, सगळं. खोलीत आले की आडवी. सायरन झाला की वाटायचं, पडलं तर पडू दे.

मेट्रन नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायची. तू मात्र दारात येऊन उभी राहिलीस, तुझे ते रुंद खांदे चौकटीत जेमतेम मावत होते, आणि विचारलंस, "तुला भीती का वाटत नाही?"

"सवय झाली," मी म्हटलं.

"मला नाही झाली. माझे पाय अजून लटपटतात." तू आत येऊन माझ्या खाटेवर बसलीस. "भीती न वाटणारी बाई मी पूर्वी पाहिलीय. माझी आई."

आणि थोड्याच दिवसांत तुझं ते एकपात्री नाटकाचं खूळ निघालं. मेट्रनकडून परवानगी काढलीस ती स्टाफच्या मनोरंजनासाठी म्हणून. बिचारीला वाटलं, चार गाणी होतील.

मेसमधली दोन टेबलं जोडून स्टेज, मागे हॉस्पिटलची चादर. बायकाच बायका, दार आतून बंद. आमच्यातल्या काही पोरी तुझ्या रंगावरून पाठीमागे काय काय बोलायच्या, तेही तुला ठाऊक होतं. तरी तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस. डोक्याला एक रुमाल बांधलास आणि जमैकाहून बर्मिंगहॅमला आलेली तुझी आई झालीस, दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुणारी आणि घरी येऊन तासन्‌तास नळ सोडून उभी राहणारी. दुसरा रुमाल बांधलास आणि मावशी झालीस, चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गाणारी, आणि एक दिवस गाणं बंद करून पुन्हा कधीच न बोललेली. "काळी बाई खचत नाही," तू म्हणालीस. "गोऱ्यांना तसं वाटतं, आणि वाईट म्हणजे आम्हालाही तसंच वाटतं. म्हणून आम्ही उभ्या उभ्या मरतो."

माझ्या शेजारी मरियम आपा बसली होती, आपल्या मेसची स्वयंपाकीण, राजापूरची. तिला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. ती माझा हात दाबून म्हणाली, "अगो, ही तर माझ्या खालाची गोष्ट सांगत्येय. तिला बाहेरचं लागलंय म्हणायचे सगळे."

शेवटी तू रुमाल काढून टाकलास. आता तू फक्त तू होतीस. टेबलावर आडवी झालीस आणि म्हणालीस, "ही मी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आज मला उठता येत नाही."

आणि नेमका सायरन झाला.

पोरी किंचाळत उठल्या, बाकं पडली, कुणीतरी दिवे घालवले. मरियम आपाने मला दोनदा ओढलं, "यल्ला, यल्ला, चल," आणि मग तीही गेली. मी नेहमीसारखी बसून राहिले. अंधारात डोळे ताणून बघते तर तू टेबलावर तशीच पडलेली.

"मार्वा, नाटक संपलं. जा खाली," मी म्हटलं.

"तू जाशील तेव्हा."

"वेडेपणा करू नकोस."

"तू बसलीस तर ते धाडस आणि मी पडले तर वेडेपणा?"

तुला प्रचंड भीती वाटत होती, मला टेबल हलताना ऐकू येत होतं. तेव्हा मला तुझा असा राग आला. कित्येक महिन्यांत मला काहीच आलं नव्हतं, ना रडू, ना राग. मी ओरडले, "तुला लेक आहे घरी!"

तू म्हणालीस, "तुला लेक नाही?"

मी उठले. तुझा दंड धरून तुला खाली खेचलं, आणि आपण दोघी धडपडत जिना उतरलो. खाली पोचेपर्यंत माझेही पाय लटपटायला लागले होते. त्या भीतीने मला किती बरं वाटलं, ते मी कुणाला कसं समजावू?

पुढचं सगळं तूच केलंस. डॉक्टर शोधलीस, गोळ्या वेळेवर घेते की नाही ते पाहिलंस. युद्ध संपलं, मी घरी आले, अमितने पुन्हा मला आई म्हणायला काही दिवस घेतले. तू परत जाऊन तेच नाटक लहानसहान हॉलमध्ये करत राहिलीस आणि दर नाताळच्या फोनला विचारायचीस, "तुझा भाग घालू का? नाव घेणार नाही." मी नको म्हणायचे. आमच्याकडे स्थळं बघताना असल्या गोष्टी लोक उकरून काढतात, म्हणायचे. आणि तू ऐकायचीस. एवढी हट्टी बाई, मिसाइलखाली आडवी पडलीस, मग याच एका बाबतीत माझं का ऐकलंस? अडून बसली असतीस तर माझ्या पोराला आज एका खोट्या आईशी स्वतःची तुलना करावी लागली नसती.

असो. रागावत नाही. तो हट्ट आता माझा मलाच करायचाय.

हे पत्र संपलं की मी आत जाणार आहे. अमितला सगळं सांगणार आहे, सायरनचं, डॉक्टरचं, गोळ्यांचं. त्याच्या बापालाही जे कधी सांगितलं नाही ते. माझ्याबद्दलचा त्याचा अभिमान गेला तर जाऊ दे. खंबीर आई त्याने आजवर पुष्कळ पाहिली, तिचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. आणि उद्या त्याला डॉक्टरकडे घेऊन जाईन, गल्लीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वचन देते तुला. फक्त एक आहे मार्वा, दारापर्यंत जातानाच मला खूप भीती वाटतेय.

तुझी,
कुंदा