वरच्या उताराचे बारा खिळे

प्रिय इंदल,

काल फोनवर तू मला चिडवलंस, की ताई, पट्टी उलटी धरली होतीस का. आणि मी हसून वेळ मारून नेली. पट्टी सरळच होती रे. तू माती मोजायला ठोकलेले वरच्या उताराचे बाराही खिळे औंदा खरंच चार-चार बोटं उघडे पडलेत. आधीची चार वर्षं अर्ध्या बोटाच्या वर फरक नाही, म्हणून औंदाचं मोजमाप चुकीचं धरून काढून टाकतो आणि सोमवारी अहवाल देतो, असं म्हणालास. तेव्हापासून जिवाला चैन नाही. अंगणवाडीतून आल्या-आल्या लिहायला बसले आहे. फोनवर मला हे बोलता यायचं नाही. पोस्टानं सोमवारपर्यंत पोचणार नाही, म्हणून पानांचे फोटो पाठवते.

याडी बरी आहे. कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, तिचे गुडघे कुरकुर करतात, पण घरी बस म्हटलं की आई कसली ऐकते, माझ्यावरच डाफरते. किसनसिंगकाका रोज विचारतो, इंदलच्या कागदात आपलं वावर हाय ना, बांध कधी होईन? त्याचं वावर आपल्यासारखंच चढावरचं, पेरा धुऊन जाणारं. मी हाव म्हणते आणि खाली मान घालते. तूच सांगितलंस ना, की खड्या उतारांना बांधांची गरज नाही असं तुझं गणित म्हणतं, आणि तुझा अहवाल पाहूनच तीन तालुक्यांतल्या तांड्यांचे बांध ठरणार.

तुझं गणित मला तूच समजावलं होतंस. पाऊस, माती, पीक, उताराची लांबी आणि चढ, सगळ्यांचा गुणाकार. चढ दुप्पट झाला की माती दुप्पट नाही, त्याहूनही जास्त जाते. पण आपले खिळे वेगळंच बोलले. दुसऱ्यांच्या वावरातल्या मधल्या उताराइतकीही माती आपल्या वरच्या उतारावरून जाईना. कॉलेजातले तुझे सर खूश झाले, म्हणाले दगडगोटे माती धरून ठेवतात, आणि तू गणितातलं चढाचं वजन कमी केलंस. मी तांड्यात पेढे वाटले होते. अगं बाई, काय मिरवले होते मी!

खिळे ठोकलेस तो दिवस आठवतो? दोन बोटं वर ठेवून ठोकलेस आणि बाला म्हणालास, बा, हा जितका उघडा पडन तितकी आपली माती गेली. तू कामाचं सांगितलंस, बानं भलतंच ऐकलं. त्याला वाटलं, तुझी परीक्षा आपल्याच वावरात आहे आणि खिळा उघडा पडला की पोरगा नापास. चावडीवर सांगत फिरायचा, पोराचा पेपर आपल्या टेकडीवर चालू हाय म्हणून. आपण दोघं हसायचो. शिकलेली माणसं ना आपण!

मागच्या वर्षी पोळ्यानंतर मी दर महिन्याच्या मोजमापाला दोन दिवस आधीच गेले. वर लाल मुरमाची जमीन, आणि प्रत्येक खिळ्याभोवती काळी माती थापलेली. नाल्यातला गाळ. बा घमेलं डोक्यावर घेऊन चढ चढत होता, सत्तरीचा माणूस, धापा टाकत. खिळ्याशी बसायचा, माती दाबायचा, आपली दोन बोटं लावून पाहायचा आणि पुन्हा खाली जायचा. पहिल्या पावसाळ्यापासून हेच करत होता, प्रत्येक मोठ्या पावसानंतर. मी ओरडले, तर माझ्याच हाता-पाया पडायला लागला. त्याले सांगू नको, उज्जू, त्याचा कागद बिघडन. मग मी गप्प बसले. त्या महिन्याचे आकडे तुला तसेच पाठवले, पुढच्याही महिन्यांचे. तू आनंदात होतास, बा आनंदात होता, मला वाटलं, एका टेकडीनं कोणाचं काय बिघडतं? यात माझी चूक बाच्या चुकीपेक्षा मोठी आहे. तो नेणता होता, मी जाणती होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. बा ओट्यावर चहा पिता-पिता गेला असं मी तुला सांगितलं. तो ओट्यावर नाही गेला. या आषाढात दोन दिवस झड लागली होती. उघडीप पडली तसा तो घमेलं घेऊन निघाला, आणि दुपारी मला वरच्या उतारावर सापडला, नवव्या खिळ्यापाशी, कुशीवर. हात कोपरापर्यंत गाळानं भरलेले. किसनसिंगकाकानं आणि मी उचलून खाली आणला, तुला सांगायचं नाही म्हणून सगळ्या तांड्याला मीच शपथ घातली. त्यानंतर त्या उतारावर माती वाहून न्यायला कोणी उरलं नाही. औंदाचा आकडा म्हणून तर असा आला, इंदल, आणि तेवढाच एक खरा आहे. तो काढू नकोस. तुझी पदवी लांबली तर लांबू दे, सरांचे बोल मी येऊन ऐकीन. तू रडशील, मला माहीत आहे. मीही इथं रडतेच आहे. पण सोमवारच्या आत वरच्या उताराची आधीची चारही वर्षं खोड. बाचं सगळं राबणं तुला तुझ्याच हातानं खोडायला सांगते आहे, मला माफ कर.

तुझीच बहीण,
उज्ज्वला