टॉप वेलचा झरा आणि तिथवरची वाट

मी, हेडली ग्रॅटन, वय एकोणऐंशी, धंदा दगडी कुंपणं रचण्याचा, राहणार टॉप कॉटेज, गाव थॉर्नीलो, डर्बीशर काउंटी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्याच हातानं लिहीत आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी पाजलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरांचा कागद सोबत टाचला आहे. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता, मिस्टर ग्रॅटन?" मी म्हणालो, "शुक्रवार, आणि तुमची गाडी माझ्या कोबीवर उभी आहे." त्यांनी लगेच सही केली. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. चहाच्या डब्यात एक सापडेल, तेही रद्द.

१. माझं घर, सामान आणि परसबाग, कलम ३ मधला भाग सोडून, माझा पुतण्या क्लाइव्ह ग्रॅटन, राहणार नॉटिंगहॅम, याला. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. माझ्यामागे घर विकायचं त्यानं ठरवून टाकलं आहे, आणि घेणाऱ्याला परसातून लोकांची ये-जा नको आहे. हे मला त्यानं माझ्याच खुर्चीत बसून सांगितलं.

२. कुंपणाचे हातोडे त्याच्याकडे जाऊ नयेत. तो त्यांनी खिळे ठोकेल. ते धर्मगुरूंनी चर्चच्या पडक्या भिंतीसाठी जो कामगार मिळेल त्याला द्यावेत. माती तुडवायचे माझे बूट ज्याला बसतील त्याला.

३. आता मुख्य गोष्ट. माझ्या परसातला टॉप वेल नावाचा झरा, त्याचं दगडी कुंड, आणि गल्लीपासून तिथवर जाणारी, हातगाडी जाईल एवढी रुंद वाट, हे सगळं मी थॉर्नीलोच्या गावपंचायतीला कायमचं देत आहे. अट एकच. दरवर्षी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी फुलांच्या फळ्या, म्हणजे ओली माती थापून तिच्यावर पाकळ्यांची चित्रं केलेल्या फळ्या, याच झऱ्यापाशी उभ्या कराव्यात. वाटेवर फाटक, साखळी किंवा कुत्रा नको. बांधलेला कुत्राही नको.

कारण लिहितो, म्हणजे पुढे कुणी म्हाताऱ्याचा हट्ट म्हणू नये. आमच्या डोंगरावर पाऊस उदंड पडतो आणि चुनखडी तो सगळा गिळते. शिशाच्या खाणीवाल्यांनी पाणी काढून द्यायला डोंगराखालून बोगदे खणले, तेव्हा गावातले बाकीचे झरे आटले. हा एकच राहिला. प्लेगच्या साथीत याचं पाणी पिणारे वाचले असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण मागचा उन्हाळा मी पाहिला आहे. नळ कोरडे पडले आणि सगळा गाव बादल्या घेऊन माझ्या परसात रांगेत उभा राहिला.

हिवाळ्यात त्याच गावाच्या सजावट समितीनं ठरवलं की यंदापासून फळ्या खाली पबच्या पार्किंगमध्ये ठेवायच्या. क्लाइव्ह खूश झाला.

"काका, त्या चढावर कोण येतंय? खाली बसमधून उतरल्या उतरल्या दिसतील लोकांना."

"आणि झरा?"

"झऱ्याचं काय? पाणी नळाला येतंच की."

पाण्याचे आभार पाण्यापाशी मानायचे असतात. मोटारींचे मानायचे असतील तर त्यांनी वेगळा दिवस काढावा, मी आड येणार नाही.

४. पाकळ्या खालून वर लावाव्यात, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस वरून घसरून जातो. शेजारच्या हॅसल्डेलवाल्यांनी वरून खाली लावल्या आणि पहिल्याच सरीत चित्रातल्या नोहाची दाढी वाहून गेली. ते दुःख मी लवकर पचवलं.

५. पंचायतीनं नकार दिला तर? ही काळजी मला झोपू देत नाही. तसं झालं तर झरा आणि वाट, त्याच अटीवर, श्रीमती म्युरिअल ओल्डफील्ड यांच्या नावे व्हावी. त्या सजावट समितीच्या प्रमुख आहेत आणि पार्किंगची कल्पना त्यांचीच. आमचं बोलणं बंद आहे. मागच्या वर्षी त्यांनी निळ्या आभाळासाठी पाकळ्यांऐवजी रंगवलेली खडी वापरली, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ही कुठल्या झाडाला लागते?" तरीही त्यांनाच देतो. स्वतःच्या मालकीचा झरा उघडाबोडका ठेवून फुलं पार्किंगमध्ये नेतील, एवढं त्यांचं काळीज दगडाचं नाही.

इथवर लिहून मी धर्मगुरूंना आणि म्युरिअलबाईंना साक्षीसाठी बोलावलं. विरोधकाचीच सही असली की क्लाइव्हला बोट ठेवायला जागा उरणार नाही, असा माझा हिशेब. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. खडीचं दोनदा वाचलं.

"हेडली, गाढवा, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मी सही केली की मला दिलेलं रद्द."

"असू दे. पंचायत आहे ना."

"पंचायत घेणार नाही. झरा ताब्यात घ्या म्हणून मीच मागे विचारलं होतं त्यांना."

पेन त्यांच्या हातात होतं. एक सही केली असती तर झरा क्लाइव्हकडे जाऊन त्यांचं पार्किंग पक्कं झालं असतं. धर्मगुरू खिडकीबाहेर बघत राहिले. विनवणी करणार नव्हतोच.

बाईंनी पेनाला टोपण लावलं, दार उघडलं आणि गल्लीतून जाणाऱ्या बॅगशॉ खाटकाला हाक मारली. "सेप्टिमस, हात पूस आणि आत ये. सही करायचीय."

मग मला म्हणाल्या, "मी हो म्हटलेलं नाही. पण फळ्या उद्याच तळ्यात टाकायला सांगते. सुक्या फळीवर माती धरत नाही. एवढं तरी तुझ्या लक्षात असायला हवं होतं."

त्यांचे शब्द त्यांच्यादेखतच इथे उतरवले आहेत. कलम ५ कायम.

वरील सर्व मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, पुन्हा विचारून घेतलं.

हेडली ग्रॅटन

साक्षीदार:
रेव्हरंड आयव्हर टॅटम, धर्मगुरू
सेप्टिमस बॅगशॉ, खाटीक

थॉर्नीलो, डर्बीशर
मंगळवार, ३ मे १९७७