हळू आवाजातला निकाल

बेळगाव, गुरुवार, १४ फेब्रुवारी १९३५, दिवेलागण

जेवण जाईना. त्या बाईचा गूळ अजून तळहाताला चिकटल्यासारखा वाटतोय.

वकील भाऊ, आमचे अण्णा, डबा विसरले, म्हणून तो द्यायला मी कोर्टात गेले. शेजारी येळ्ळूरची एक म्हातारी. तिच्या लेकावरच्या खुनाच्या खटल्याचा आज निकाल. जज्जसाहेबांनी तो इंग्रजीत, अगदी हळू वाचला. कॉन्व्हेंटात आमच्या मदर असंच बोलायच्या. किती माया वाटायची त्या आवाजात! म्हातारीलाही वाटली असणार. तिनं दुरूनच साहेबांना हात जोडले, पदराच्या गाठीतला गूळ माझ्या हातावर ठेवला.

"सुटला माझा म्हादू! सायब कसा मायेनं बोलला, बघा की बाई."

मराठीत कुणी काहीच सांगितलं नाही. कारकुनानं कागद आवरले, पोलीस म्हादूला घेऊन गेले. मी तरी सांगावं का? हातात तो गूळ. शेवटी म्हटलं, "आक्का, फाशी दिलीय त्याला."

ती रडली नाही. "फाशीचं असं हळू कोन सांगतंय? तुमचं ऐकण्यात चुकलंय. उद्या येतो, सायबालाच मराठीत सांगाय लावतो."

अण्णा म्हणतात, निकाल एकदाच वाचतात. उद्या ती दाराशी उभी राहील, आणि आत दुसऱ्याच कुणाच्या नावाचा पुकारा होईल.