लेखी अंदाज

मंगळवार, २३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. ते परत घेता येत नाहीत.

गच्चीवरचा वारा दाखवणारा पत्र्याचा बाण, पाऊस मोजायचं नळकांडं, झडपांची पांढरी पेटी, तिच्यातल्या तापमापकाची पट्टी आणि फार पूर्वी तुझा पांगुळगाडा, एवढं मी माझ्या हातांनी केलं. शिकवायला कुणी नव्हतं. पांगुळगाड्याचं उजवं चाक किंचित आत ओढायचं. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

इकडे सगळं ठीक. हवेचा मात्र नेम नाही. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी शिंका. शेजारचे शिंपी म्हणतात, "हवा माझ्या गिऱ्हाइकांसारखी झालीय. सकाळी माप देतात, दुपारी बदलतात."

तुझी सफरचंदं फुलावर आली म्हणे. यंदाच्या उबेला झाडं लवकर फसली. इतकी वर्षं पोसलेल्या बागेचा हा पहिला बहर, आणि थोरलीला शिकायला बाहेर पाठवायचं तेही याच बहरावर, असं तू परवा शेडमध्ये त्या व्यापाऱ्याला सांगत होतास. मी एवढंच म्हणालो होतो, की गारठ्याच्या रात्री पेंढा जाळायचे धुराचे डबे इतक्यात आवरू नकोस.

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. व्यापाऱ्याला म्हणालास, "आमच्या दादाचा अंदाज लेखी घ्यायचा असतो, शेठ. तोंडी घेतला, तर दुसऱ्या दिवशी म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो."

शेठ हसले. तुझी बायको हसली. चहा घेऊन आलेली थोरलीसुद्धा हसली. मीही हसलो, असं तुला वाटलं.

तेव्हा हा घे, लेखी.

उद्या उबदार. तुझ्या फोनवरही तेच दिसेल आणि तू खूश होशील. गुरुवारी दुपारी वारा उत्तरेचा होईल, दिवस मावळताना पडेल, आभाळ स्वच्छ होईल. शुक्रवारी पहाटे तुझ्या बागेच्या खळग्यात दव गोठेल. उमललेली फुलं वरून तशीच दिसतील, आतून काळी पडलेली असतील. मधोमध नखानं उकलून बघ. त्यापुढचे आठवडे मात्र सुरेख आहेत. ऊन कोवळं, वारा बेताचा, मधमाश्यांना अगदी मनासारखा.

हे पत्र उद्याच्या टपालानं निघेल. तुमच्या भागात पोस्टमन शनिवारीच फिरतो, याची मी चौकशी केली आहे. फोन करता आला असता, पण ते तोंडी झालं असतं.

अंदाज चुकला तर बाग तुझी, खरा ठरला तर शब्द माझा. घरातलं कुणीतरी एक जिंकेलच. कागद जपून ठेव. सही खाली केली आहे, आणि ती मी नाकारणार नाही.

तुझा
दादा

ता. क. आज दुपारी तुझी बायको येऊन गेली, तुला न सांगता. बस म्हटलं तर बसली नाही, दारातच उभी. "दादा, त्यांच्या जिभेला हाड नाही, तुम्हाला माहितेय. गारठा येणार का, एवढं फक्त हो की नाही सांगा. डबे मी एकटी पेटवीन." मी पाणी दिलं. म्हटलं, कळवतो. मग तिनं पर्स उघडून होते नव्हते तेवढे पैसे माझ्यापुढे धरले, त्या एका शब्दासाठी. मी घेतले नाहीत. आठ हजार होते.